सिस्टरचे सम आकडे

१

बाईंच्या खोलीच्या दारात एक मुलगी जमिनीवर बसली होती. अंगावर बस कंडक्टरचा गणवेश, मांडीवर तिकिटांची बॅग. सकाळी साडेनऊला संख्याशास्त्र विभागात चिटपाखरू नसतं. विद्यार्थी दहाशिवाय उगवत नाहीत, आणि प्राध्यापक तर विद्यार्थ्यांनाही मागे टाकतात. बाई किल्ली हातात धरून थबकल्या.

"चाळणीवाल्या बाई तुम्हीच ना?" मुलगी उठलीसुद्धा नाही. "तुमच्या अहवालात जिचं नाव आहे ना, तिची मी मुलगी. आई परवापासून घरी आली नाही."

तो अहवाल बाईंनीच लिहिला होता.

रक्तदाबावरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. चार केंद्रं, चारशे माणसं, दर आठवड्याला प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा आणि आकडा संगणकात टाकायचा. हे आकडे खरे की मनाचे, हे ओळखायचा एक प्रोग्रॅम बाईंनी लिहिला होता, त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं चाळणी. युक्ती साधी होती. रक्तदाबाचा शेवटचा अंक कुणाच्या हातात नसतो, शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक येत राहतात. माणूस घरबसल्या आकडे रचायला लागला की काही अंक त्याच्या तोंडी बसतात आणि काही तो विसरूनच जातो. माणसं थोडंफार पुढेमागे लिहितात, म्हणून जरा झुकतं माप चाळणी चालवून घ्यायची. एखादा अंक साफ गायब असला तर मात्र घंटा वाजायची.

तिसऱ्या केंद्राची घंटा वाजली होती. चार महिने, हजाराच्या वर नोंदी, आणि त्यांत एकही विषम अंक नाही. एक, तीन, पाच, सात, नऊ, पाचही गायब. ते केंद्र एकटी सिस्टर सांभाळत होती, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीची. दहा दिवसांपूर्वी बाईंनी अहवाल दिला, दुसऱ्या दिवशी सिस्टर निलंबित झाली, आणि आज दुपारी चार वाजता चौकशी समिती तिचं नाव पोलिसांकडे देणार होती.

तसं चाळणीवरून संख्याशास्त्रवाल्यांत दोन तट पडलेलेच होते. एक तट म्हणे, शास्त्रात एवढी खोटी माहिती घुसतेय, असा पहारा हवाच. दुसरा म्हणे, नुसते आकडे बघून माणसाला चोर ठरवणारे तुम्ही कोण? बाई पहिल्या तटाच्या लाडक्या होत्या, परिषदेत त्यांना पहिल्या रांगेत बसवत.

"फोन घरीच ठेवून गेली," मुलगी सांगत होती. "केंद्राच्या किल्ल्या आणि ते निलंबनाचं पत्र टेबलावर नीट मांडून ठेवलंय. पोलीस म्हणतात, पळाली असेल. आई पळणारी नाही हो. पण गावाबाहेर धरण आहे, आणि मला दोन रात्री झोप नाही."

बाईंनी दार उघडलं. उंबऱ्याच्या आत घडी केलेला एक कागद पडला होता, कुणीतरी दाराखालून सरकवलेला. त्यावर टाइप केलेल्या दोन ओळी होत्या. *सापडलं तेवढ्यावर थांबा. आणखी चाळायला जाल तर महागात पडेल.*

बाईंनी तो मुलीला दिसू नये म्हणून मुठीत धरला.

"आई काही बोलली होती?" त्यांनी विचारलं.

"निलंबनापासून एकच पालुपद. म्हणे, त्या बाईंना म्हणावं एकदा येऊन बघा. तुम्ही गेलात का बघायला?"

बाई गेल्या नव्हत्या. चारही केंद्रांपैकी एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

२

तिसरं केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाक आणि वजनकाटा. झाडलोट करणाऱ्या मावशीकडे दुसरी किल्ली होती. तिनं दार उघडलं, पण बाईंकडे बघेना. मुलीच्या पाठीवरून मात्र तिनं हात फिरवला.

"नोंदवही कुठाय?" बाईंनी विचारलं.

"सिस्टरांनी नेली. त्यांचीच वही, त्यांनीच नेली."

टेबलावर रक्तदाबाचं यंत्र होतं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चाचणीच्या आराखड्यात त्यांनी स्वतः वाचलं होतं की चारही केंद्रांत बटणावर चालणारी, आकडा पडद्यावर दाखवणारी यंत्रं असतील. समोर होता तो जुना पत्र्याचा डबा, त्यात उभी काचेची नळी आणि तळाला पारा.

"बटणाची यंत्रं कुठं गेली?"

"ती कधीच मेली," मावशी म्हणाली. "चार महिने झाले की. मग ही आली. एकाच गाडीतून आली, दोन इथं उतरवली आणि दोन तिकडं खोऱ्यात, चौथ्या केंद्राला. शहरातल्या दोघांची बटणाची आहेत अजून."

बाईंनी बाही वर केली आणि त्या मुलीकडे वळल्या. "बांधता येतं का तुला?"

मुलगी आईच्या हाताखाली वाढलेली, तिनं पट्टा बांधला आणि फुगा दाबला. पारा चढला आणि सावकाश खाली यायला लागला. बाई नळीवर वाकल्या. एकशे वीस, एकशे तीस, असे दहा-दहानं आकडे छापलेले. मधे चार बारीक रेघा. म्हणजे एकेक रेघ दोनाची. एकशे बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. एकशे पंचवीसला त्या नळीवर जागाच नव्हती. रेघ बघून प्रामाणिकपणे आकडा लिहिणाऱ्या माणसाच्या हातून जन्मात विषम अंक पडला नसता.

हजार नोंदी, सगळ्या सम, सगळ्या खऱ्या. अठ्ठावीस वर्षं रेघेवर रेघ बघणाऱ्या बाईला त्यांनी खोटारडी ठरवलं होतं, तेही कधी यंत्राचं तोंड न बघता. संन्याशाला सुळावर देणं म्हणतात ते हेच. आणि तो संन्यासी धरणाकडे गेला असेल तर?

"मावशी, सिस्टर गेल्या त्याआधी कोण आलं होतं?"

मावशी दाराकडे बघून हळू बोलली. "महिनाभर खोऱ्यातली माणसं यायची. एकीला तर खुर्चीत बसवून उचलून आणली. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार येतो, धाडकन पडतात म्हणे. सिस्टर त्यांचा दाब बघायच्या आणि रडायच्या. मोठ्या डॉक्टरांना दोनदा फोन केला. मग आठ-दहा दिवसांत हे निलंबनाचं आलं."

बाई बाकावर बसल्या, कारण आता दुसरीच गोष्ट डोक्यात शिरली होती. चौथ्या केंद्राचे आकडे चाळणीतून स्वच्छ निघाले होते. त्यांत सगळे अंक होते, विषमसुद्धा. एकाच गाडीतून आलेल्या त्याच यंत्रावर एकशे सत्तावीस कुणाला दिसला?

३

चाचणीचे मुख्य डॉक्टर आपल्या कार्यालयात उभ्यानंच बोलले. पांढरा कोट, दोन फोन, आणि दोन्ही वाजत होते.

"यंत्रं बदलली, हो. बिघडली म्हणून बदलली. त्यात काय एवढं?"

"आराखड्यात लिहिलं नाही."

"लिहिलं असतं तर नवी परवानगी, नव्या सह्या, चार महिने गेले असते. बाई, तुम्ही आकडे बघा, यंत्रं आम्ही बघू."

"कुणाकुणाला ठाऊक होतं?"

डॉक्टर हसले. "मला. जावक वहीवर माझी सही आहे. फाईलकाकांना, त्यांनीच डबे बांधले. आणि त्या त्या नर्सला. तुमच्या विभागाला कळवून काय फायदा? तुमच्यातलं कोण जिना उतरतंय? उंटावरून शेळ्या हाकायच्या तुम्ही."

ते खरं होतं.

"सिस्टरनं तुम्हाला फोन केले होते. माणसं पडताहेत म्हणून."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी एक फोन बंद केला, मग दुसरा. "केले होते. मी आकडे काढून बघितले. चौथ्या केंद्रातले साठच्या साठ जण दर आठवड्याला येतायत, दाब मोजून घेतायत, उत्तम चाललंय. कोण पडतंय मग? त्यानंतर तुमचाच अहवाल आला, की सिस्टरचे आकडे खोटे. मी कुणावर विश्वास ठेवायचा होता, तुम्हीच सांगा."

बाईंनी फाईलकाकांचं टेबल कुठे आहे ते विचारलं. चाचणीचा एकूणएक कागद ज्यांच्या हातून जातो ते फाईलकाका. टेबलाशी कुणी नव्हतं. खुर्चीवर शबनम तशीच, चहा निम्मा प्यालेला, आणि संगणकावर अर्धवट टाइप केलेलं एक पत्र उघडं. बाईंनी सकाळचा तो कागद उलगडून त्याच्याशी धरला. अक्षराचं वळण एकच होतं.

मागच्या नोंदणी खोलीचं दार आतून कुणीतरी हळूच लावून घेतलं.

४

"उघडा, काका. मी एकटी आहे."

कडी निघाली. फाईलकाका कपाटाला टेकून उभे होते, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. साठीला टेकलेला माणूस, पण लहान मूल मार चुकवतं तसा खांदा वर करून उभा.

"चिठ्ठी मीच टाकली," ते आपणहूनच म्हणाले. "धमकी नव्हती हो ती. तुम्ही पुढं चाळलंत तर सगळ्यांच्याच गळ्याशी येईल, तुमच्यासुद्धा. सही मोठ्यांची असते बाई, मान आमची जाते."

"बसा. एक गोष्ट मला बघू द्या."

बाईंनी त्यांच्या संगणकावर चौथ्या केंद्राचे गेल्या चार महिन्यांचे आकडे उघडले. आजवर त्यांनी केंद्राचा सगळा ढीग एकदम चाळला होता. आता एकेका माणसाची ओळ वेगळी काढली आणि एकच प्रश्न टाकला. या माणसाचा एकतरी आकडा विषम आहे का?

साठ ओळींचे दोन ढीग झाले. एकोणतीस माणसांचे सगळे आकडे सम, पाऱ्याच्या रेघेवरचे. उरलेल्या एकतीस जणांचे सम-विषम सरमिसळ, दहाच्या दहा अंक अगदी हवे तसे वाटलेले. असं वाटप पुस्तकात असतं. त्या खोऱ्यातल्या नळीवर ते येणं शक्य नव्हतं. आणि गंमत बघा, या खोट्या विषम आकड्यांमुळेच चौथ्या केंद्राची घंटा वाजली नव्हती. खऱ्यांना चाळणीनं पकडलं आणि खोट्यांना सोडलं.

"ही एकतीस माणसं केंद्रात येत नव्हती," बाई म्हणाल्या.

फाईलकाकांनी तोंडावरून हात फिरवला. "त्यांचे कागद कोरे यायचे. नुसतं नाव आणि पुढं रेघ. मी तसेच विद्यापीठात धाडायचो. दोन दिवसांनी संगणकात बघावं तर आकडे भरलेले. पहिल्यांदा वाटलं, माझीच काही चूक. दुसऱ्यांदा कळलं, आणि तोंडाला कुलूप लावलं. परवा सिस्टर आल्या. म्हणाल्या, कोरे कागद कुणाकुणाचे ते सांगा, पत्ते द्या. दिले मी. त्या खोऱ्यात गेल्यात बाई, घरोघर. त्यानंतर त्यांची काही खबर नाही, आणि मी कुणाला बोललो नाही."

म्हणजे धरण नव्हे, खोरं. बाईंना क्षणभर हायसं वाटलं. पण दोन दिवस, एकटी बाई, फोन नाही, आणि ओळखपाळख नसलेल्या वस्त्या. त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला आत बोलावलं आणि खोऱ्याची बस किती वाजता आहे ते विचारलं.

"पावणेतीनला. माझीच ड्यूटी आहे त्यावर."

घड्याळात दीड वाजला होता.

संगणकात आकडे टाकायची परवानगी फक्त तिघांना होती. डॉक्टर, फाईलकाका आणि तिसरे एक. बाईंनी मनाशी पुन्हा पुन्हा मांडून बघितलं, कुठेतरी चूक निघावी म्हणून. ज्यानं हे आकडे रचले त्याला शेवटच्या अंकाची चाळणी माहीत होती, नाहीतर इतकं नेमकं वाटप झालं नसतं. आणि त्याला यंत्रं बदलल्याचं माहीत नव्हतं, नाहीतर त्यानं विषम आकडा चुकूनही लिहिला नसता. डॉक्टरांनी जावक वहीवर सही केली होती. फाईलकाकांनी डबे बांधले होते. राहिला तो, जो वर्षानुवर्षं जिना उतरला नव्हता आणि ज्याला चाळणीचा पहिला कागद बाईंनी स्वतः नेऊन दाखवला होता.

त्याच माणसानं त्यांना बोट धरून आकडे शिकवले होते.

५

सर नेहमीसारखे खिडकीशी बसले होते. विभागप्रमुख, या चाचणीचे संख्याशास्त्रज्ञ, आणि रिकाम्या जागा भरण्याच्या शास्त्रातलं मोठं नाव. एखाद्या पाहणीत काही माणसांची माहिती मिळाली नाही, तर बाकीच्यांवरून ती अंदाजानं कशी भरावी, यावर सरांची पुस्तकं जगभर शिकवली जात.

"ये, पोरी. चारच्या बैठकीची तयारी झाली?"

"सर, चौथ्या केंद्रातले एकतीस जण तुम्ही भरलेत."

सर म्हणाले, "दार लाव."

बाईंनी दार लावलं, पण मूठ कडीवरच ठेवली. सरांची भीती वाटेल असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि आता वाटत होती. या माणसाच्या एका फोनवर त्यांची नोकरी होती, नाव होतं, चाळणीसुद्धा.

"कशावरून म्हणतेस?"

"चौथ्या केंद्रात चार महिने पाऱ्याचं यंत्र आहे. त्यावर विषम आकडा दिसतच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही बघायला गेला नाहीत. मीही गेले नाही."

सरांनी चष्मा काढून काच पुसली.

"मी खोटं लिहिलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "रिकाम्या जागा भरल्या. मान्य पद्धत आहे, तूही शिकवतेस. जे आले त्यांच्यावरून, न आलेल्यांचा अंदाज."

"भरलेत ते कळवायला हवं होतं ना, सर? कुठले आकडे मोजलेले आणि कुठले अंदाजाचे, ते लिहायचं असतं. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"चारशेला चारशे लागणार, हे मीच लिहून दिलं होतं. कोऱ्या जागा कळवल्या असत्या तर चाचणी बंद पडली असती. सहा वर्षांचं काम. आधी वाटलं, दोन आठवड्यांत परत येतील लोक. मग दोनाचे चार झाले, चाराचे आठ. भरल्यावर मी तुझ्या चाळणीतून काढले. स्वच्छ निघाले."

"जे आले त्यांच्यासारखेच न आलेले असतील, असं तुम्ही धरलंत."

"पद्धतीत तसंच धरतात."

"ते का आले नाहीत, हे विचारलंत कुणाला?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"ते पडत होते, सर. औषधानं दाब इतका उतरतो की उभं राहता येत नाही. ज्यांना सोसलं ते चालत केंद्रात आले. ज्यांना सोसलं नाही ते घरात पडून राहिले. आणि धडधाकट माणसांवरून अंदाज काढून तुम्ही त्या पडलेल्यांना बरं केलंत."

सरांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी खाली मांडीवर घेतला. असल्या तऱ्हेच्या रिकाम्या जागांबद्दल त्यांच्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं. माणसं गैरहजर का आहेत, याचं कारणच उत्तरात गुंतलेलं असेल तर अंदाज वापरू नका, असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"आणि सिस्टरचं नाव आलं तेव्हा तुम्ही समितीत बसला होतात," बाई म्हणाल्या. "एक शब्द बोलला नाहीत."

"मी काय बोलणार?" सरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "चाळणी तुझी होती. अहवाल तुझा होता. मला खरंच वाटलं की ती खोटी असेल. तू इतक्या खात्रीनं बोलत होतीस."

हे बाईंना लागलं. रागानं लागलं नाही, खरं होतं म्हणून लागलं. त्यांनी टेबलावरचा कागद सरांपुढे सरकवला.

"लिहा. सिस्टरचे आकडे खरे आहेत, एकतीस जणांचे मी भरले, औषध आत्ता थांबवा. मी उभी आहे."

सरांनी लिहिलं. सही करताना पेन दोनदा अडखळलं. बाईंनी तो कागद समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला, त्यांनी वाचेपर्यंत समोरून हलल्या नाहीत, आणि अध्यक्ष फोनाकडे धावले तेव्हा त्या बस स्थानकाकडे धावल्या. शहरातल्या केंद्रांना फोन गेला असता. खोऱ्यात फोन लागत नव्हते.

६

बस खोऱ्यात उतरली तेव्हा पाच वाजून गेले होते. वाटेत मुलीनं तिकिटं फाडली, सुटे दिले, घंटी वाजवली. शेवटच्या थांब्यावर चौथं केंद्र होतं. दार बंद. पायऱ्यांवर पांढऱ्या साडीतली एक बाई भिंतीला मान टाकून पडलेली होती, पाय लांब, चपला बाजूला.

मुलीनं बॅग टाकली आणि पळाली. बाईंनी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल केलं, त्याचा हिशेब देवच जाणे.

"आई. आई गं."

सिस्टरनं डोळे उघडले. "ड्यूटी सोडून आलीस?"

मुलगी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागली. सिस्टर तिला थोपटत राहिली, आणि तिच्या डोक्यावरून बाईंकडे बघू लागली. पायांना फोड आले होते, दोन फुटलेले. मांडीवर नोंदवही होती.

"फोन का ठेवून गेलीस घरी?" मुलगी हुंदके देत विचारत होती.

"आठवडाभर लोक शिव्या द्यायला फोन करत होते गं. त्याचं तोंड बंद होईना, म्हणून ठेवला. शेजारणीकडे निरोप दिला होता की."

निरोप शेजारणीच्या पोटातच राहिला होता. बाई पुढे झाल्या.

"सिस्टर, तुमचे आकडे खरे होते. चूक माझी. मी एकदा येऊन बघायला हवं होतं. मी तुमची—"

"माफीचं नंतर बघू." सिस्टरनं वही उघडली. एकतीस नावं, हातानं लिहिलेली. वीस नावांपुढे खूण होती. "वीस घरं झाली. चार माणसं गेली. कुणी न्हाणीत पडलं, कुणी विहिरीपाशी. डॉक्टरांच्या कागदावर चौघंही जिवंत आहेत, दर आठवड्याला दाब मोजून घेतात. बाकीचे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या गोळ्या मी काढून घेतल्या. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन ठेवल्यात सगळ्यांना. अजून अकरा घरं राहिलीत, आणि माझे पाय चालेनात. तुम्हाला चालता येतं ना?"

"येतं."

"मग उजेड आहे तोवर निघा. वरची वस्ती तुम्ही घ्या, खालची ही घेईल. गोळ्या हातात घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मी सावकाश येतेच मागून."

वरच्या वस्तीतलं यादीतलं पहिलं नाव एका आजींचं होतं, घर चढावर. बाईंना धाप लागली. दार उघडंच होतं आणि अंगणात एक म्हातारे गृहस्थ कपडे वाळत घालत होते. त्यांनी हात पुसले आणि बाईंना स्टूल दिलं.

"आजोबा, मी रक्तदाबाच्या औषधाबद्दल आलेय. आजींच्या गोळ्या चालू आहेत का?"

"आहेत की. अगदी न चुकता." म्हातारबाबांना बोलायला माणूस मिळालं होतं. "मधे बंद केल्या होत्या बरं का. महिन्यापूर्वी तिला खुर्चीत घालून पलीकडच्या सिस्टरांकडे नेलं होतं. त्या म्हणाल्या, गोळ्या आजच्या आज बंद करा. केल्या. चांगली सुधारली होती, आपली आपण अंगणात यायची. मग हे पत्र आलं."

त्यांनी कोनाड्यातून पत्र काढून दिलं, नीट जपून ठेवलेलं. चाचणीतल्या सर्व रुग्णांना कळवण्यात येते. संबंधित परिचारिकेच्या नोंदी खोट्या असल्याचं शास्त्रीय तपासणीत आढळलं आहे. तिच्या सांगण्यावरून कुणी गोळ्या बंद केल्या असल्यास त्या त्वरित पुन्हा सुरू कराव्यात. खाली डॉक्टरांची सही होती, आणि तिच्याशेजारी बाईंची. अहवालाच्या दिवशी सह्यांचा एक गठ्ठा आला होता. बाईंनी तो चहा पिता पिता संपवला होता.

"एवढ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलंय म्हटल्यावर," आजोबा म्हणाले, "आम्ही काय बोलणार? ती नको म्हणत होती. मीच रागावलो तिला, मीच रोज हातानं देतो. आज मात्र दुपारपासून झोपलीय. हाक मारली तर ओ देत नाही. तुम्ही औषधवाल्या ना? जरा बघता का आत येऊन?"

बाई उंबरा ओलांडून आत गेल्या. खाटेवर आजी कुशीवर झोपल्या होत्या, पांघरूण गळ्यापर्यंत. बाईंनी कधी कुणाची नाडी बघितली नव्हती. सिस्टर मागे होती, पण कितीतरी मागे. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला, मनगटावर बोटं ठेवली, जागा बदलून पुन्हा ठेवली, आणि मग दोन्ही हातांनी ते मनगट धरून राहिल्या. ते गार होतं.

आजोबा दारात उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

"दाब किती आहे?" त्यांनी विचारलं.